मर्यादा ठरवणारा माणूस

लिफ्टचं दार मिटता मिटता त्याने मध्ये बूट घातला आणि आत आला. एका हातात वायरींचं भेंडोळं, दुसऱ्या हातात कागदी कपातला चहा. माझ्या छत्रीचं पाणी थेट त्याच्या बुटावर ठिबकत होतं. त्याने ते पाहिलं, पण पाय मागे घेतला नाही.

"कितवा मजला?"

"चौथा. त्या सर्व्हरवाल्या कंपनीत."

"तक्रार आहे?"

"तक्रार करून झाली. आता भांडण," मी म्हणाले. "तिथे कोणीतरी बसून ठरवतो म्हणे, कुणाचा प्रोग्राम किती पसरायचा आणि कुठे थांबायचा. फोन केला की एकच पालुपद — मर्यादा ओलांडली, मर्यादा ओलांडली! आज त्या मर्यादापुरुषाचं तोंडच बघायचंय मला."

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. ओठांचा एक कोपरा उगाच हलला... की मला भास झाला?

लिफ्ट थांबली. "आधी तुम्ही," तो म्हणाला. "आत गेल्यावर उजवीकडे खिडकीजवळचं टेबल. खुर्ची रिकामी असेल. एवढ्या वायरी ठेवतो आणि येतोच मी — तोंड दाखवायला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण राग होता तो होताच.

राग कशाचा, ते सांगायला हवं. माझा नवरा जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ऑफिसला निघाला आणि रस्त्यातच त्याचं हृदय थांबलं. धडधाकट माणूस, तिशीतला. मागे त्याने दोन गोष्टी ठेवल्या, त्याची आई आणि एक वेबसाइट.

वेबसाइट एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी होती. सकाळी उठलं की फोनवरचं हिरवं बटण दाबायचं. त्यावर लिहिलेलं, 'मी ठीक आहे'. बटण दाबलं की मुलाला, मुलीला, जो कोणी असेल त्याला निरोप जायचा. ठरलेल्या वेळेपर्यंत दाबलं नाही, तर आमच्या घरी घंटी वाजायची आणि सासूबाई फोन फिरवायच्या. "उठलात ना? मग बटण काय शेजारणीने दाबायचं?" असा त्यांचा खाक्या. फोनही उचलला नाही, तर शेजाऱ्यांना किल्ली घेऊन धाडायचं.

हे सगळं नवऱ्याने पायथनमध्ये लिहिलं होतं. मी टेस्टर. तो लिहायचा, मी मोडायची. आमचं लग्नसुद्धा असंच जमलं होतं, एकाच ऑफिसात, त्याने लिहिलेलं मी सारखं मोडून.

आणि आता ते माझ्या हातून नव्हे, आपोआप मोडत होतं. सकाळी सगळी म्हातारी मंडळी एकदम बटण दाबायची त्याच घटकेला सर्व्हर मान टाकायचा. पडद्यावर एकच ओळ, नवीन थ्रेड सुरू करता येत नाही. थ्रेड म्हणजे प्रोग्रामचा एकेक कामकरी धागा. तशाच एका सकाळी कुणाचंच बटण नोंदलं गेलं नाही. आम्ही दोघी एकेकाला फोन करत सुटलो. घड्याळकाकांचा नंबर यायला दुपार झाली. हे काका घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. ते पहाटेपासून बाथरूमच्या थंड फरशीवर पडून होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. वाचले. पण दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही आता फोन कराल... आता कराल."

हे सगळं मी त्या खिडकीजवळच्या टेबलाशी एका दमात सांगितलं. तो ऐकत होता. चहा तसाच निवत होता.

"मोठ्या मशीनवर हलवलं ना आम्ही तुम्हाला?" त्याने विचारलं.

"हो. मेलमध्ये केवढ्या अभिमानाने लिहिलं होतंत!"

तो पडद्याकडे वळला, काहीबाही टाइप करत राहिला आणि मग कपाळावर हात मारून घेतला. "हे बघा. तुमच्या प्रोग्रामला गणितं करून देणारी एक भलीमोठी तयार लायब्ररी जोडलीय. ती सुरू होताना मशीनमध्ये प्रोसेसर किती, ते बघते आणि तेवढे थ्रेड स्वतःसाठी उघडून ठेवते. जुन्या मशीनवर चार उघडायची, इथे चौसष्ट. आणि तुमच्या साइटच्या प्रोसेस सहा, म्हणजे एकाच वेळी सहा प्रती चालतात. प्रत्येकीचे चौसष्ट! एका ग्राहकाने सगळं मशीन गिळू नये म्हणून आम्ही जी मर्यादा घातलीय, ती तिथेच जवळजवळ भरते. एकाही आजोबांनी अजून बटण दाबलेलं नसतं."

"म्हणजे घर मोठं मिळालं..."

"आणि प्रत्येकाने आपापला लवाजमा आणला. बरं, ही लायब्ररी लागते कशाला?"

"सरासरी काढायला. कोण साधारण कधी उठतं, त्याची."

तो हसला. "सरासरी? भाजी चिरायला तलवार घेतलीय कुणीतरी."

"माझ्या नवऱ्याने," मी म्हणाले. "तो गेला."

खिडकीवर पावसाच्या रेघा उतरत होत्या. त्याने हसू आवरलं, पण नजर चुकवली नाही. जरा वेळाने हलकेच म्हणाला, "काम चांगलं आहे त्यांचं. फक्त... उत्साह जास्त होता."

आणि मला हसू फुटलं! कारण माझा नवरा अगदी असाच होता, आणि हे सांगणारा माणूस त्याला कधी भेटलेलाही नव्हता.

त्याने एकच ओळ घातली. लायब्ररीने एकाच थ्रेडवर भागवायचं. दुसऱ्या दिवशी सगळी बटणं नोंदली गेली. सगळ्यांची तपासणी उरकते न उरकते तोच फोन वाजला.

"मर्यादापुरुष बोलतोय. भांडण मिटलं?"

"अर्धं," मी म्हणाले.

"उरलेलं अर्धं कधी?"

मी फोन ठेवला तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "कोण होतं गं?"

"सर्व्हरवाले."

"सर्व्हरवाले इतकं हसवतात होय?"

उरलेलं अर्धं लवकरच उगवलं. चार दिवस बरे जायचे आणि पाचव्या दिवशी सर्व्हर पुन्हा आडवा. "ऑफिसातून मला नुसते आकडे दिसतात," तो म्हणाला. "तुमच्याकडून बघितलं तर कळेल, कोणी काय केलं की आकडा चढतो." म्हणून तो सकाळी कामावर जायच्या आधी आमच्याकडे येऊ लागला.

पहिल्या दिवशी बाहेरच्या खोलीत उभाच राहिला. टेबलाशी नवऱ्याची खुर्ची होती. ती कोणी वापरत नसे. सासूबाईंनीच ती ओढून पुढे केली. "बस बाबा. खुर्ची काय शोभेला ठेवलीय?"

त्यांना तो आवडला होता. म्हाताऱ्यांना फोन कसे करायचे, ते त्याला शिकवून टाकलं त्यांनी. एक निवृत्त टायपिंगबाई रोज बटण सात-आठ वेळा दाबायच्या, एकदा दाबून त्यांचा विश्वास बसायचा नाही. त्याने त्यांना फोन लावला आणि आमच्यासमोर गंभीरपणे म्हणाला, "बाई, तुम्ही ठीक आहात हे आम्हाला पटलंय." पलीकडून त्या काय म्हणाल्या कोण जाणे, त्याचे कान लाल झाले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, आवाज छान आहे. लग्न झालंय का?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"तुमच्या सासूबाई ऐकतायत," तो कुजबुजला. "नंतर सांगतो."

कारण सापडलं ते तिसऱ्या की चौथ्या सकाळी. "हे बघा, बटणं दाबली की आकडा चढतो, ठीक आहे. पण नंतर उतरतच नाही." प्रत्येक बटणासरशी नवऱ्याचा प्रोग्राम एक नवा थ्रेड सोडायचा, नातेवाइकांना निरोप पोहोचवायला. निरोप नेणारी कंपनी कधीकधी उत्तरच द्यायची नाही. मग तो थ्रेड वाट बघत बसायचा... कायमचा. रोज थोडे थोडे असे साचत जायचे आणि एक दिवस मर्यादा भरायची.

त्याने ती जागा उघडली. ओळींच्या वर नवऱ्याने स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती. ती त्याने सवयीने मोठ्याने वाचली. "तात्पुरतं. सवडीने नीट करतो."

मी उठून बाल्कनीत गेले.

मागून तो आला. कठड्यावर पाण्याचे थेंब ओळीने लटकले होते. तो बोटाने ते एकेक करून पाडत राहिला. मग म्हणाला, "बाकीचं मला बदलावंच लागेल. पण ती ओळ... काढू की ठेवू?"

"कामाची आहे का?"

"नाही. पण तुमची आहे."

दोन वर्षांत मला कितीतरी जणांनी किती काय काय समजावलं होतं. असं विचारलं कोणीच नव्हतं.

"काढा," मी म्हणाले. "तो असता तर त्यानेच काढली असती."

पुढचे दिवस आम्ही ते नीट करत होतो. थ्रेड ठरावीकच ठेवायचे. कामं रांगेत उभी राहतील. उत्तर आलं नाही तर अमुक वेळ थांबायचं आणि सोडून देऊन पुन्हा प्रयत्न करायचा. तो लिहायचा. मी मोडायची. सगळ्या म्हाताऱ्यांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर? निरोपवाली कंपनी दिवसभर बंद पडली तर? टायपिंगबाईंनी बटणावर बोट ठेवून डुलकी काढली तर?

"असं कोण करेल?" तो वैतागून म्हणायचा.

"म्हातारी माणसं काय वाट्टेल ते करतात. चालवा!"

आणि एका सकाळी ते खरंच धाडकन पडलं. मी खुर्चीतून उडीच मारली. "मोडलं! बघ, मोडलं तुझं!"

तो सावकाश वळला. "काय म्हणालीस?"

"मोडलं म्हणाले..."

"त्यानंतरचा शब्द."

माझ्या लक्षात आलं आणि मी जीभ चावली.

"आता परत घेता येणार नाही," तो म्हणाला. "तू म्हणालीस म्हणजे म्हणालीस." त्याचे डोळे हसत होते. मला त्या डोळ्यांकडे बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना.

मी खूप आनंदात होते. हे जुनंच सुख होतं, ती खुर्ची, ते मोडणं, ते वैतागणं, आणि परत मिळालं होतं. त्यात गडबड कुठे आहे, ते मला दिसलंच नाही.

ती दिसली एका साध्याशा सकाळी. मी आत चहा गाळत होते. बाहेर त्याच्या बोटांचा कीबोर्डवरचा आवाज येत होता, खडखड, मग थोडं थांबून परत खडखड. मी तशीच आतून ओरडले, "शहाण्या, ये ना रे, चहा निवतोय!"

नवऱ्याला मी शहाण्या म्हणायची. दुसऱ्या कुणालाच नाही.

सासूबाईंच्या हातातलं झाकण ओट्यावर पडून गरगरत राहिलं. आणि बाहेरून त्याचा आवाज आला, "आलो."

तो आला, चहा प्याला, सासूबाईंशी बोलला. त्याला काय ठाऊक शहाण्या कोण, असं मी मनाला समजावलं. पण त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मला समजलं की त्याला कळलंय. सासूबाईंचा चेहरा त्याने पाहिला होता.

त्यानंतर त्याने काम झपाट्याने उरकलं. येणं कमी झालं. "आता काही लागणार नाही तुम्हाला," फोनवर म्हणाला. तुम्हाला! मी 'बरं' म्हणाले. मानीपणा म्हणा, भीती म्हणा.

पाऊस रिपरिपत होता त्या दुपारी मी न सांगता त्याच्या ऑफिसात गेले. खिडकीजवळचं टेबल आवरलेलं होतं. एक मुलगी त्याच्याकडून काम समजून घेत होती. मला बघून तो उठला. आम्ही खाली आलो आणि समोरच्या बसथांब्याच्या पत्र्याखाली बसलो.

"परदेशात नोकरी मिळालीय," तो म्हणाला. "थंड मुलुख. तुझी ओळख व्हायच्या आधीच अर्ज केला होता. 'नाही' म्हणून कळवणार होतो."

"मग?"

"मग 'हो' कळवलं. उद्या निघतोय."

पत्र्यावर पाणी वाजत होतं. एक बस आली, उभी राहिली, गेली.

"त्या दिवशीच्या हाकेमुळे?" मी विचारलं.

"हाक मारलीस त्याचं काही नाही गं. चुकून येतं तोंडात. मी ओ दिली, त्याचं आहे." तो तळहात गुडघ्यांवर घासत होता. "इतकी छान हाक होती ती. मला वाटलं, माझ्यासाठीच असेल. नंतर रोज वाटायला लागलं, ही माझ्याकडे बघते की माझ्या पलीकडे? त्याची खुर्ची, त्याचा प्रोग्राम, त्याची आई... मला सगळं आवडलं. तू तर..." तो थांबला. "तू मला फार आवडतेस. लिफ्टमध्ये भांडत होतीस तेव्हापासून. पण दुसऱ्याची अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करायला नाही जमायचं मला."

मला म्हणायचं होतं, तसं नाहीये. पण ते खरं आहे का, हे मला त्या घटकेला सांगता येत नव्हतं. आणि त्याच्याशी खोटं बोलणं तर अजिबात जमत नव्हतं.

"थांब म्हणालीस तर थांबेन," तो म्हणाला.

"म्हणूनच म्हणत नाही. कोणाला थांबवतेय, तेच मला कळत नाही रे."

त्याने मान हलवली. हात पुढे करून माझ्या गालावरची ओली बट कानामागे सारली, फार अलगद. "खरं बोललीस, बरं झालं," म्हणाला आणि पावसातूनच रस्ता ओलांडून गेला. छत्री माझ्या हातात होती. ती द्यायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "गेला?"

"गेला."

"आणि तू जाऊ दिलंस त्याला." मग जवळ येऊन बसल्या. "माझा मुलगा गेला, त्याला तू दोन वर्षं रडलीस. मी कधी अडवलं नाही. आता ही अशी तोंड मिटून काय बसलीस? रड की!"

आणि मी रडले. त्यांच्या मांडीत डोकं खुपसून, लहान पोरीसारखी हमसून हमसून. रडता रडता वाट बघत होते, आता नवऱ्याचा चेहरा येईल. तो नेहमी यायचा, कुठल्याही रडण्यात. आला नाही. आले ते पाण्याचे थेंब पाडणारं एक बोट, लाल झालेले कान, आणि 'तुमची आहे' म्हणणारा आवाज. त्या रडण्यात दुसरं कोणीच नव्हतं. फक्त तो होता.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग हे मला काय सांगतेस, वेडाबाई?"

तो परत आला नाही, हे आताच सांगून टाकते. बरेच महिने आमचे फोन चालले, मग अंतर पडत गेलं. त्याचं तिथेच बस्तान बसलं, पुढे लग्नही झालं. ती बातमी सासूबाईंना माझ्या आधी कळली होती आणि त्यांनी ती कितीतरी दिवस माझ्यापासून लपवून ठेवली. आमची साइट नीट चालते. घड्याळकाका काठी घेऊन हिंडतात आणि वेळेवर बटण दाबतात.

सांगायचा राहिलाय तो पहिला फोन. त्याचं विमान उतरल्यावर तासाभरात मी लावला होता. त्याच्या आवाजामागे गर्दी होती, अनोळखी भाषेतल्या घोषणा होत्या.

"पोचलास?"

"पोचलो. फार थंडी आहे."

"ऐक. मला कळलं. मी काल तुझ्यासाठी रडले. त्याच्यासाठी नाही, त्याच्या आठवणीने नाही. तुझ्यासाठी. बघितलं मी नीट... पुन्हा पुन्हा बघितलं."

पलीकडे कुणाची तरी बॅग खडखडत गेली.

"आता परत ये म्हणू नकोस," तो हळूच म्हणाला. "म्हणालीस तर येईन मी. आणि मग तू आतून हाक मारलीस की रोज आधी विचार करेन, ओ देऊ की नको. ते मला सोसायचं नाही. तुलाही नाही." मग आवाज अगदीच खाली गेला. "हे काल मी निघायच्या आधी का नाही गं सांगितलंस?"

"तू निघालास तोवर मला माहीत नव्हतं रे."

"आणि मला काल विमानाची वेळ होईपर्यंत," तो म्हणाला, "प्रत्येक वेळी फोन वाजला की वाटत होतं, तुझाच असेल."